पत्त्यांचा कॅट

नार्सूचा फोन आला, शनिवारी येतो.
तेव्हा मी भावाच्या गाडीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

दोन पावसाळे फणसाखाली उभी.
वरचा पत्रा मी अधूनमधून पुसत होते,
काचेवरचा चीक काढत होते,
पण चाकांकडे कोण बघतं?
चाकं म्हणजे टाचा.
पाहुणे यायचे म्हटल्यावर आठवतात.

रिमांवर गंजाचे फोड.
नखानं एक उचकटला, खाली दुसरा.
जुवारीवरचा खारा वारा
आमच्या शिरोड्यात विचारून येत नाही.

फोंड्याला चौकशी केली.
नवी अलॉय, चारांचे बावीस हजार.
दुकानदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं.
पाणी प्यायले आणि उठले.

कायतान मेस्त म्हणाला, बाये, दोन डबे रुपेरी घे,
एक प्रायमर.
पॉलिश पेपर आधी ऐंशीचा, मग दोनशेचाळीसचा,
शेवटी चारशेचा, पाण्यात भिजवून.
घाई केलीस तर दोन महिन्यांत
पापड होऊन निघेल.
एकूण सातशे चाळीस.
वरचे चाळीस त्यानं सोडले.

ढिल्या मातीत जॅक बसेना,
म्हणून खाली चिरा घातला,
गडग्याचा, मागच्या वर्षी निखळलेला.
नट सुटेनात.
पान्याला पाइप जोडून वर उभी राहिले,
अख्खी, नाइटीसकट,
तेव्हा कुठे पहिला नट किंचाळला.
शेजारून पिएदाद: "कितें करता गो?"
"चाकां धुतां."

आधी नारळाच्या सोडणानं घासलं, मग कागदानं.
लाल पाणी माडाच्या आळ्यात गेलं.
दुसऱ्या दिवशी बोटांना ठसेच नव्हते.
मोबाइल मला ओळखेना.

टायरवर रंग उडू नये म्हणून टेप लावतात.
टेपेचे ऐंशी रुपये.
कायतानची युक्ती: पत्ते खोच
रिम आणि टायरच्या फटीत,
एकावर एक थोडा चढवून.
घरात एकच कॅट, नार्सूचा,
कुठल्याशा जहाजावरून आणलेला,
पाठीवर निळा नांगर.
एका चाकाला बावन्नच्या बावन्न लागले.
राजे, राण्या, गुलाम गोल उभे,
आणि समोर मी, तोंडाला जुना पंचा बांधून.
डबा हलवला. आतली गोळी खडखडली.
एक वीत लांबून, पातळ,
हात कुठेही थांबवायचा नाही.
एक थर. वीस मिनिटं. दुसरा थर.
मागच्या डाव्या चाकावर हात थांबलाच,
ओघळ आला.
तो तसाच ठेवला.
ती बाजू भिंतीकडे लावायची.

शनिवारी नार्सू रिक्षातून उतरला.
केस काळेभोर.
कानामागे थोडा रंग पुसायचा राहिलेला.
गाडीभोवती अर्धी फेरी मारली,
टायरला बुटानं ठोकलं.
"बरी ठेवलीस."
"परत कधी जायचं?"
"बघू. बोलावतील."
रुमाल काढून मान पुसली.
रुमालावर काळं आलं,
ते त्यानं बघितलं, मीही बघितलं,
मग मी चहा ठेवायला आत गेले.

रात्री वीज गेली.
"पत्ते काढ," म्हणाला.
लपवायचं मला सुचलंच नव्हतं.
मेणबत्तीपाशी त्यानं कॅट पिसला
आणि कडा चमकल्या,
प्रत्येक पत्त्याच्या एका कोपऱ्यात
कापलेल्या नखाएवढी चांदी.
चौकटची राणी त्यानं उजेडात धरली.
मग माझी बोटं बघितली.
मी मेणबत्तीची वात सरळ करत राहिले.

बाहेर गाडी, ओघळ भिंतीकडे.
तो वाटत गेला.
पत्ते जरा जड झाले होते,
एकमेकांना चिकटत होते,
एकाऐवजी दोन यायचे,
मग अंगठ्यानं सोडवून
दुसरा तो परत ठेवायचा, न बघता.

"ओढ," म्हणाला. "तुझी पाळी."